लांबलेला गुरुवार

१

गुरुवारी संध्याकाळी पाच चाळीसला ती बसमधून उतरली, तेव्हा बाबा थांब्यावर आधीच येऊन उभे होते. दर गुरुवारी ती छापखान्यातलं काम आटपून बाबांकडे जेवायला यायची. ती मुद्रितशोधक होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी बाबांना स्वतःच्या सांगायच्या, असं ती म्हणायची.

"दमलात का?" तिनं विचारलं.

"आज तास होता ना. सातवीचं पोर म्हणजे बोलणारा धबधबा."

बाबा शाळेत संगणक शिकवत. शाळेत इंटरनेट यायचं ते एका लहानशा काळ्या पेटीतून गाळून. मुलांनी काय बघावं, काय बघू नये, ते ती पेटी ठरवायची आणि पेटीला बाबा शिकवायचे. त्यामुळे पेटीचं नाव पडलं गाळणी आणि बाबांचं गाळणीसर. त्यांना ते नाव मनापासून आवडायचं. "वकिलाला कोल्हा म्हणतात. त्या मानानं मी स्वस्तात सुटलो," ते म्हणत.

दोघं चढावरून चालू लागली. मध्येच बाबा थांबले, खिशातून बटणांचा फोन काढला आणि नळदुरुस्तीवाल्याचा नंबर लावू लागले. एकेक बटण दाबताना आकडा पुटपुटत होते. ही त्यांची जुनी खोड होती. टंकलेखन ते फार उशिरा शिकले. बोट आणि जीभ एकदमच चालायची.

"बाबा, अख्ख्या रस्त्याला नंबर पाठ झाला."

"होऊ दे. नळ गळला की सगळ्यांच्याच उपयोगी पडेल."

घरी जेवणं झाली. तिनं भांडी विसळली, त्यांनी पुसली. निघताना ते म्हणाले, "दार नीट ओढून घे." तिनं ओढून घेतलं.

शुक्रवारी पहाटे झोपेतच त्यांचं हृदय बंद पडलं.

२

अठरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, शाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला. मुख्याध्यापिकेला सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. "तुम्ही येऊन जाल का? फोनवर सांगण्यासारखं नाही."

बाईंच्या टेबलावर एक चिठ्ठी होती, वहीच्या पानाची, चार घड्या घातलेली.

"संगणकखोलीबाहेर सरांनी एक पत्र्याचा डबा लावला होता, माहीत आहे ना? जे तोंडानं सांगता येत नाही ते लिहून टाकायचं. काल शिपाईमामा तो डबा काढायला गेले. आत हे होतं."

तिनं चिठ्ठी वाचली.

*सर, एक जण माझा फोटो मागतोय. तो म्हणाला होता चौदा वर्षांचा आहे, पण तसा वाटत नाही. नाही म्हटलं तर तुझ्या घरी सगळं सांगेन म्हणतो. मी काय करू?*

"सातवीतली आहे. तिला शाळेत खारूताई म्हणतात," बाई म्हणाल्या. "काळजी करू नका, पोरगी सुखरूप आहे. फोटो दिलेला नाही. आईवडिलांना बोलावलं, तक्रार केली. त्या माणसाचं काय ते पोलीस बघतील."

"सर गेलेत, हे तिला माहीत नव्हतं?"

"मी तेच विचारलं. म्हणाली, माहीत होतं. पण असं काही झालं तर कुठे सांगायचं, ते फक्त सरांनीच सांगितलं होतं."

तिनं चिठ्ठीची घडी होती तशी घातली. "मग मला का बोलावलंत?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मुलगी त्या माणसाशी बोलत होती ते शाळेतून. म्हणजे गाळणीला भोक पडलंय. ते कोणी पाडलं ते पेटीत नोंदलेलं आहे." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती.

*गुरुवार, संध्याकाळी ५.५२. परवानगीच्या यादीत एक पान वाढवलं. बदल करणारे: संगणकशिक्षकांचं खातं. कधीपर्यंत:* आणि त्यापुढे काहीच नाही.

"कधीपर्यंतची जागा रिकामी ठेवली की पान कायमचं उघडं राहतं," बाई हळूच म्हणाल्या. "येत्या शनिवारी समितीची बैठक आहे. ठराव असा आहे की सरांच्या निष्काळजीपणाची नोंद करायची, त्यांचा गुरुवारचा सावधगिरीचा तास बंद करायचा आणि संगणकखोलीला कुलूप लावायचं. मी एकटी काही करू शकत नाही."

"पाच बावन्नला बाबा माझ्याबरोबर रस्त्यावर चालत होते."

"हे बदल फोनवरूनही करता येतात म्हणे."

"त्यांचा फोन बटणांचा होता."

बाईंनी कागद पुन्हा उचलून बघितला. मग खाली बघत म्हणाल्या, "तुमच्या फोनवरून तर केलं नव्हतं ना त्यांनी?"

३

राग आला की ती जास्तच हळू बोलायची. बाहेर येऊन तिनं धाकट्या सरांना शोधलं. ते दोन शाळांत अर्धा अर्धा आठवडा काम करत आणि इथे बाबांच्या हाताखाली होते.

"मोठ्या बाईंना ती ओळ तुम्ही दिलीत?"

"मीच. त्यांनी यादीतले बदल मागितले, मी बदल छापून दिले." त्यांचा चेहरा पडलेला होता. "ताई, मला हे करायला आवडलेलं नाही. पण माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही."

"कोणतं पान उघडलं होतं?"

"तीच तर गंमत. पान अगदी सोज्वळ आहे. भाषांतराचं. एका भाषेतला मजकूर घालायचा, दुसऱ्या भाषेत येतो."

"मग त्यात वाईट काय?"

"त्यात धडा घालता येतो, तसा दुसऱ्या कुठल्याही पानाचा पत्ताही घालता येतो. मग ते अख्खं पान त्याच्या पोटात उघडतं. गाळणीला वाटतं, मुलगी भाषांतर बघतेय. पोटात काय चाललंय ते तिला दिसत नाही. अनोळखी लोकांशी गप्पा मारायची पानं गाळणीनं बंद ठेवलेली आहेत, पण ह्या बोळातून पोचता येतं. सरांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनीच मला शिकवलं. म्हणून तर समिती जास्त चिडलीय, की माहीत असून केलं."

"त्यांनी ते पान कधीच उघडलं नव्हतं?"

"उघडायचे. सातवीत एक नवी मुलगी आलीय, तिला आपल्या भाषेतलं अवाक्षर कळत नाही. भाषेच्या बाई सरांना बोलवायच्या. सर पान उघडून द्यायचे, पण कधीपर्यंतच्या जागी घंटेची वेळ घालायचे आणि घंटा होईपर्यंत शेजारी बसून राहायचे. दिवसातून दोनदा, दोन जिने चढून."

"रिकामी जागा त्यांनी कधी सोडली होती?"

धाकट्या सरांनी डोकं खाजवलं. "आठवत नाही."

"मग मला नुसते बदल नकोत. त्या गुरुवारपासून आजपर्यंतची पेटीची सगळी नोंद छापून द्या. कोणत्या संगणकावर केव्हा काय बघितलं, सगळं."

"ताई, चारशे पानं होतील. वाचणार कोण?"

"मी. पोटापाण्याचा धंदाच आहे माझा."

कागदांचा गठ्ठा बाहेर येत असताना तिनं विचारलं, "बाबांचा पासवर्ड आणखी कोणाकडे होता?"

"मोठ्या बाईंच्या कपाटात, बंद पाकिटात. वर सरांची सही. मी काल बघितलं, सही अख्खी आहे." ते जरा थांबले. "म्हणजे सरांशिवाय कोणीच नाही."

४

शिपाईमामा व्हरांड्यात कुलपांना तेल घालत बसले होते. तिला बघून उठायला लागले, तिनं खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि स्वतः पायरीवर टेकली.

"मामा, त्या गुरुवारी खोली कधी बंद केलीत?"

"साडेपाचला. रोज साडेपाचलाच. सर बाहेर पडले की मी मेन स्विच पाडतो आणि कुलूप घालतो. सकाळी साडेनऊला उघडतो."

"सोमवारीही उघडलीत? ते नसताना?"

मामांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "शुक्रवार-शनिवार सुट्टी दिली होती. सोमवारी साडेनऊला पाय आपोआप तिकडे वळले. उघडली, स्विच वर केला, मग ध्यानात आलं की येणारं कोणी नाही. तशीच उघडी ठेवून सभागृहात गेलो. शोकसभा होती पावणेदहाला."

"रोज सकाळी बाबा आल्यावर काय करायचे?"

"आधी गाळणीपाशी जायचे, मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि काहीतरी बटणं दाबायचे. रोज. मला वाटायचं, आपण किती वाजता आलो ते लिहून ठेवत असतील. वक्तशीर माणूस."

"सभेला सगळे होते?"

"सगळे. मोठ्या बाई व्यासपीठावर, धाकटे सर पहिल्या रांगेत. मी दारात होतो. भाषेच्या बाई तेवढ्या उशिरा आल्या, त्या नव्या पोरीचा हात धरून. डोळे रडून लाल. मी काही विचारलं नाही. सगळ्यात जास्त रडल्या त्या."

मधल्या सुट्टीनंतर तिला खारूताई भेटली, आपल्या आईच्या शेजारी, बाईंच्या खोलीत. दात जरा पुढे, पेन्सिलीचं टोक कुरतडलेलं. आईनं मुलीचा हात सोडला नव्हता.

"तुला भाषांतराच्या पानातून जायची युक्ती कोणी दाखवली?"

"कोणी नाही. मी नवीच्या शेजारी बसते. तिचा धडा मीच त्यात घालून देते. एकदा सहज दुसरं पान घालून बघितलं, तर आलं."

"कधीची गोष्ट?"

"सर गेल्यावरची. आधी घंटा झाली की ते पान जायचं आणि सर शेजारी बसायचे. मग काय करणार?"

"आता जात नव्हतं?"

"सोमवारपासून गेलंच नाही. शोकसभेच्या दिवसापासून."

आई मध्येच म्हणाली, "अहो, घरी हिला मोबाइलला हात लावू देत नाही आम्ही. आणि बघा काय करून बसली." मुलीनं मान खाली घातली. मग एकदम तिच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही सरांची मुलगी ना? तुमच्या बाबतीत असं कधी झालंच नसेल."

तिनं टेबलावरचा रिकामा कप उगाच सरळ केला.

५

बुधवारी ती कामावर गेली नाही. बाबांच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, पट्टी घेऊन नोंद वाचायला बसली. मुद्रितशोधकाचा एक नियम असतो. अर्थ लावायचा नाही. अर्थ लावला की डोळा चुकीवरून घसरतो. छापलं आहे ते वाचायचं, असायला हवं ते नाही.

गुरुवार, सकाळी साडेनऊ. दहा. बारा. सातवीचा तास, सगळ्या संगणकांचे पडदे बंद. बाबांचा तो तास नेहमी बंद पडद्यांचाच असायचा. मुलं गोल करून जमिनीवर बसायची. अनोळखी माणूस काय बोलून जवळ येतो, नाही कसं म्हणायचं, लाज वाटली तरी कोणाला सांगायचं, हे ते बोलून घ्यायचे, नाटक करून दाखवायचे.

दुपार. चार. साडेपाच.

साडेपाचनंतर नोंद थांबायला हवी होती. मामांनी स्विच पाडला होता. पण पुढची ओळ होती पाच एकतीसची. मग पाच बावन्न, ती बदनाम ओळ. तिनं पट्टी खाली सरकवली. सहा. सात. आणि मग, रात्री आठ वाजता, तीस संगणकांवर एकाच वेळी एकच पान उघडलं होतं. नद्यांचा नकाशा.

ती वाचायची थांबली. रात्री आठला, कुलूप लावलेल्या, वीज नसलेल्या खोलीत बसून तीस मुलं नद्या बघत होती.

तिनं धाकट्या सरांना फोन लावला. "गाळणीच्या पोटात घड्याळ आहे का?"

"कसलं आलंय. स्वस्तातली पेटी आहे. वीज गेली की झोपते, आली की जिथे झोपली तिथून पुढे मोजायला लागते. अशा पेट्या बाहेरून वेळ मागून घेतात, पण सरांनी बाहेरची जेवढी दारं बंद केली त्यात तेही..." ते मध्येच थांबले. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "ताई. मग वेळ कोण लावत होतं?"

"बाबा. रोज सकाळी. मनगटावरचं बघून."

"अरे देवा. मी दहानंतर येतो. मला कधी दिसलंच नाही."

"सोमवारी सातवीला भूगोल किती वाजता असतो?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "बारा वाजता. मी स्वतः नेलं होतं त्यांना. नद्याच."

तिनं पेन्सिल घेतली. पेटी झोपली गुरुवारी साडेपाचला. तिला उठवलं सोमवारी साडेनऊला, पण तिच्या लेखी अजून गुरुवारचे साडेपाचच होते. नद्या उठल्यापासून अडीच तासांनी, म्हणजे खरे बारा आणि पेटीचे आठ. हिशेब बरोबर लागत होता. ती बदनाम ओळ उठल्यापासून बावीस मिनिटांनी आली होती.

सोमवार, सकाळी नऊ बावन्न.

बाबांना जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. खाली सभागृहात त्यांच्यासाठी सगळे उभे राहिले होते, आणि वर कोणीतरी त्यांच्या नावानं गाळणी उघडत होतं.

६

भाषेच्या बाई गुरुवारी शाळा सुटल्यावर वर्गात एकट्या सापडल्या. निबंध तपासत होत्या. तिला बघून म्हणाल्या, "या ना. सरांची फार आठवण येते हो."

ती पहिल्या बाकावर बसली, विद्यार्थ्यासारखी. "तुमच्याकडे एक शंका घेऊन आलेय. ते भाषांतराचं पान कायमचं उघडं असण्याची गरज शाळेत कोणाला होती?"

"मला. म्हणजे त्या नवीला. पण सर गेल्यावर बघितलं तर ते उघडंच होतं. मला वाटलं, जाण्याआधी सरांनीच..."

"जाण्याआधी नाही. सोमवारी नऊ बावन्नला. शोकसभा पावणेदहाला सुरू झाली होती. उशिरा आलेलं एकच माणूस होतं, नवीचा हात धरून."

लाल पेन निबंधावरच थांबलं. खाली शाईचा ठिपका वाढत गेला.

"माझ्याकडे सरांचा पासवर्ड कुठून येणार?" बाई म्हणाल्या. "त्यांनी तो कोणाला सांगितला नव्हता. मुलांना पहिला धडाच तो द्यायचे."

"सांगितला नव्हता. टाइप करताना पुटपुटायचे. तुम्ही शेजारी उभ्या असायच्या, दिवसातून दोनदा."

बाईंनी निबंध बाजूला सरकवला. मग पेनाला टोपण लावलं. "महिनाभर ऐकत होते. पाठ करावाच लागला नाही, गाण्यासारखा बसला. काय होता सांगू?"

"नको. तो सांगायचा नसतो."

दोघींनाही किंचित हसू आलं आणि तिथेच विरलं.

"त्या दिवशी ती पोर वर येऊन बसली होती," बाई म्हणाल्या. "सगळे रडतायत, का ते तिला कळेना. मला विचारत होती, हातवारे करून. मी तिला कसं सांगणार, की तुझ्या शेजारी बसणारे आजोबा गेले? खोली उघडी दिसली. नेलं, पान उघडलं, एक वाक्य लिहिलं. तिनं ते वाचलं. मग रडली." त्यांनी डोळे पुसले. "कधीपर्यंतच्या जागी काय घालायचं ते मला माहीत नव्हतं. सोडून दिली. त्या पानाच्या पोटात आणखी काही उघडतं, हे तर देवाशपथ ठाऊक नव्हतं."

"ते मला पटतं. पण सोमवारी चिठ्ठी सापडल्यावर ठाऊक झालं. त्याला आज तीन दिवस झाले."

"माझी नेमणूक वर्षावर्षाची आहे. पुढच्या महिन्यात संपते. आणि वाटलं, सरांना आता काय होणार आहे? मेलेल्या माणसाच्या माथी..." वाक्य त्यांनाच ऐकवेना.

"त्यांना काही होणार नाही," ती म्हणाली. "पण त्यांचा तास जाईल. पुढच्या वेळी चिठ्ठी टाकायला मुलांना डबा नसेल." ती उठली. "शनिवारी मी वेळेचं कोडं सोडवून दाखवीन. नाव सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

ती दारात थांबली. "तुम्ही मुलीला वाईट बातमी तिच्या भाषेत सांगायला धडपडलात. तुम्ही सांगाल."

हे ती ठामपणे म्हणाली खरी. जिना उतरताना मात्र तिनं दोनदा मागे वळून बघितलं.

७

शनिवारी सकाळी सभागृह पालकांनी भरलं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्त अभियंता होते आणि कोणाचं पटकन ऐकून घेण्याबद्दल त्यांची ख्याती नव्हती. तिनं त्यांच्यापुढे नद्यांची ओळ ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली, मग दुसऱ्यांदा वाचली.

"रात्री आठला भूगोल?"

"खरे दुपारचे बारा. पेटी गुरुवारीच अडकलीय. ती रोज सकाळी सोडवणारा माणूस गेला, म्हणून."

त्यांनी धाकट्या सरांकडे बघितलं. धाकटे सर उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. चूक माझी. मी शेवटची ओळ बघितली असती तरी कळलं असतं. पेटीच्या मते काल अजून पुढचा गुरुवारही उजाडला नव्हता." मागे हशा पिकला.

"मग सोमवारी ते पान उघडलं कोणी?" अध्यक्षांनी विचारलं.

तिनं उत्तर दिलं नाही. तिनं मागेही बघितलं नाही. पंखा फिरत होता, कोणाचं तरी मूल चुळबुळत होतं, आणि ती मनात आकडे मोजत होती. अकरापर्यंत आली तेव्हा शेवटच्या रांगेतली खुर्ची सरकली.

"मी," भाषेच्या बाई म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानं, एकदाही न थांबता. संपल्यावर सभागृहात कुजबुज झाली आणि मोठ्या बाईंनी ती हात वर करून थांबवली. अध्यक्षांनी ठरावाच्या कागदावर एक ओळ खोडली. "सरांचं नाव ह्यातून काढलं. बाईंचं काय करायचं ते पुढे शांतपणे ठरवू, कबूल केलंय हे ध्यानात ठेवून. पण तास बंद आणि खोलीला कुलूप, हे राहील. झालं ते झालंच ना? नसती माहिती मुलांच्या कानावर जायलाच कशाला हवी?"

"अगदी बरोबर," एक पालक उठले. "आणि स्पष्ट बोलतो. चांगल्या घरच्या मुली असल्या पानांवर जातच नाहीत."

तिसऱ्या रांगेत खारूताईच्या आईनं पदर घट्ट ओढून घेतला. शेजारी मुलगी बसली होती. ती हळूहळू खुर्चीत खाली सरकत होती.

हे तिनं बघितलं आणि तिला कळलं की पुरावे इथे संपले. पुढे जे लागणार होतं ते कोणत्याही गठ्ठ्यात छापलेलं नव्हतं.

"मी चौदा वर्षांची असताना," ती म्हणाली, "एका अनोळखी माणसाशी तीन महिने बोलत होते. घरच्या संगणकावरून. घर चांगलं होतं. गाळणीसरांचं."

मागची माणसं पुढे वाकून ऐकू लागली.

"त्यानं मला भेटायला बोलावलं. सतरा वर्षांचा आहे म्हणाला होता. मी पिशवी भरून पलंगाखाली ठेवली होती. बाबांना ती दिसली. ते ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, तो तुझ्याशी काय काय बोलतो ते मला सांग, मला ऐकायचंय. मी दोन तास सांगितलं. मग ठरल्या जागी मी गेले नाही, ते गेले. तिथे त्यांच्याच वयाचा माणूस उभा होता." तिनं श्वास घेतला. "मी सहा महिने त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना जेलर म्हटलं. पुढच्या वर्षी त्यांनी इथे गुरुवारचा तास सुरू केला. कोणामुळे, ते त्यांनी जन्मभर कोणाला सांगितलं नाही.

"गाळणी हवीच. भोक बुजवा, घड्याळ लावा. पण आमच्या घरीही गाळणी होती आणि मी तिच्या बाजूनं गेले. ह्या मुलीला कुलपानं वाचवलेलं नाही. सांगायचं असतं एवढं तिला माहीत होतं, म्हणून ती वाचली. ते तिला त्या तासानं शिकवलं. माझ्या वेळी तो तास नव्हता."

अध्यक्षांनी बराच वेळ ठरावाकडे बघितलं. मग कागद उलटा करून ठेवला. "तास घेणार कोण?" ते म्हणाले.

"मी घेईन," धाकटे सर म्हणाले. "दर गुरुवारी. आणि पेटीचं घड्याळ रोज."

"हात वर करा," अध्यक्ष पालकांना म्हणाले. आधी थोडे वर आले, मग बरेच. ज्यांनी चांगल्या घरच्या मुलींची गोष्ट काढली होती त्यांचा आला नाही, पण त्यांच्या बायकोचा आला.

लोक उठू लागले. ती कागद गोळा करत होती तेव्हा खारूताई समोर येऊन उभी राहिली.

"मग तुम्ही सरांना नंतर काय म्हणालात?"

"कशाबद्दल?"

"ते तुमच्याऐवजी गेले त्याबद्दल."

"काहीच नाही."

"कधीच?"

"वीस वर्षांत कधीच नाही. आधी राग होता. मग लाज वाटायची. मग उशीर झाला असं वाटायचं."

मुलीनं विचार केला. "सर म्हणायचे, लाज वाटली तरी सांगायचं. उशीर झाला तरी."

आजूबाजूला खुर्च्या सरकत होत्या, माणसं बोलत होती. तिनं कागद खाली ठेवले. आवाज नेहमीसारखा हळू काढायचा असं ठरवलं होतं, पण तो मोठा निघाला आणि दोन रांगांतल्या माणसांनी वळून बघितलं.

"बाबा, मी तुमच्यामुळे वाचले."